साठ नारळांचं पोतं

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीच्या विकास मंडळाचे चिटणीस लिहितात:

"आमची वाडी चाळीस घरांची. त्यातली बावीस घरं वर्षातले दहा महिने बंद, मालक मुंबई-ठाण्यात. गेल्या आठ महिन्यांत चार वेळा नारळ गेले, एका विहिरीवरच्या पंपाची तांब्याची केबल गेली आणि दोन बंद घरांतून तांब्या-पितळेची भांडी गेली. तिथे कौलं काढून माणूस आत उतरला होता. गेल्या महिन्यात वाडीतलाच एकोणीस वर्षांचा मुलगा साठ नारळांच्या पोत्यासकट सापडला. बाप बोटीवर खलाशी, डोक्यावर चाळीस हजारांचं खासगी कर्ज, शेकडा पाच महिन्याला. गावकीत दोन मतं आहेत. काही म्हणतात त्या घराला वाळीत टाका, काही म्हणतात रात्री काठ्या घेऊन गस्त घाला. महागाईनं माणसं चोर झाली, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. सध्या नारळ वाडीवर पस्तीस रुपयांना जातो. पाडणारा माडामागे साठ रुपये मागतो आणि तरी वेळेवर येत नाही. मंडळाकडे तीस हजार शिल्लक आहेत. आधी काय करावं?"

चिटणीस, बैठक अजून व्हायची असेल तर वाळीत टाकण्याचा विषय आजच काढून टाका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा स्वतंत्र कायदा आहे आणि जुलै २०१७पासून तो लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. देवळात येऊ न देणं, पालखी घरी न नेणं, दुकानातून माल न देणं, लग्न-मयताला न जाण्याचा ठराव करणं, हे सगळं त्यात येतं. ठराव मांडणाराच नव्हे, त्याला हातभार लावणाराही अडकतो, आणि इतिवृत्त तुमच्या हातचं असणार. दोन हजारांच्या नारळापायी गावकीच आरोपीच्या पिंजऱ्यात, असं व्हायला नको.

आता महागाईचं. तुमच्या वाडीचं एकमत अर्धं खरं आहे. देशाचा किरकोळ महागाईचा दर ऑक्टोबर २०२४मध्ये ६.२१ टक्के होता, त्यात खाद्यपदार्थांचा १०.८७. वर्षभरानं, ऑक्टोबर २०२५मध्ये, तो ०.२५ टक्क्यांवर आला. महागाईनंच चोऱ्या होत असत्या तर त्या वर्षात तुम्ही दारं उघडी टाकून झोपायला हवं होतं. पण त्याच वर्षी सोन्यानं दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला, नारळ आणि खोबरेल कधी नव्हे इतकं चढलं. तांब्यानं तर त्याआधीच, मे २०२४मध्ये, लंडनच्या बाजारात टनाला ११ हजार डॉलर पार केले होते. तुमच्याकडून काय काय गेलं त्याची यादी पुन्हा वाचा: नारळ, तांब्याची केबल, तांब्या-पितळेची भांडी. तांदळाची कणगी कोणी फोडली नाही, गोठ्यातलं जनावर नेलं नाही, टीव्हीलाही हात लावला नाही. चोर बाजारभाव बघून चोरतो. ज्या वस्तूचा भाव चढतो, जी सहज उचलता येते आणि दुसऱ्या दिवशी ओळख न देता विकता येते, ती आधी जाते.

गरजेचा धागा नाहीच असं मात्र म्हणता येत नाही. बव्हेरियात १८३६ ते १८६१ या काळात राय नावाच्या धान्याचा भाव वाढला की चोऱ्या वाढत, हे तिथल्या नोंदींवरून एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं. अलीकडे तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा एक गंमत निघाली. धान्य महाग झालं की चोऱ्या वाढायच्या, पण मारामाऱ्या कमी व्हायच्या, कारण बिअरही महागायची आणि लोक कमी प्यायचे. तेव्हा घरखर्चातला मोठा भाग पोटावर जायचा. आपल्याकडे २०२३-२४च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला सुमारे ४७ टक्के वाटा खाण्यापिण्याचा निघाला. म्हणजे ताण खराच. पण त्या ताणानं बहुतेक घरं आधी उधारी करतात, मग सावकाराकडे जातात, दागिना मोडतात, मुलाचा क्लास बंद करतात. चोरीपर्यंत फार थोडी पोचतात, आणि ज्या घरातून कोणी पोचतो त्या घरात बहुधा एक हप्ता असतो.

तुमच्याच आकड्यांवरून बघा. चाळीस हजारांवर शेकडा पाच म्हणजे महिन्याला दोन हजार, नुसतं व्याज. साठ नारळ पस्तीसच्या भावानं एकवीसशे. म्हणजे एका पोत्यात एका महिन्याचं व्याज. फक्त चोरीच्या मालाला पूर्ण भाव कोणी देत नाही. घेणाऱ्याला कळलेलं असतं, तो निम्म्यानं घेतो. म्हणजे हप्त्यासाठी एक नव्हे, दोन पोती लागतात. पोत्यामागे बाकीचे हजारभर रुपये घेणाऱ्याच्या गल्ल्यात. वाडीत आजवर त्या मुलाबद्दल खूप बोललं गेलं असेल, पण या घेणाऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला दिसत नाही. पत्रातही तो नाही.

म्हणून पहिलं काम घेणाऱ्याकडे. एक घर दिवसाला एखादा नारळ खातं. साठ नारळ घरात खपत नाहीत, ते कुठेतरी विकलेच जातात: हमरस्त्यावरची खानावळ, देवळाबाहेरचं पूजेचं दुकान, आठवडा बाजारातला व्यापारी किंवा टेम्पो घेऊन फिरणारा. तुमच्या टापूत असे पाच-सहा जणच असतील. मंडळाच्या दोघांनी जाऊन शांतपणे एवढंच सांगायचं: पंचवीसपेक्षा जास्त नारळ कोणी आणले तर वहीत नाव, गाव, मोबाइल नंबर आणि तारीख लिहा, आणि पैसे शक्यतो मोबाइलवर पाठवा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. तोच धंदा करणाऱ्याला शिक्षा फार मोठी. धमकी देऊ नका, माहिती म्हणून सांगा. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या तांब्याच्या केबली तोडण्याचं पेव फुटलं होतं. २००८च्या अखेरीला तांब्याचा भाव पडला तशा चोऱ्याही उतरल्या, भाव चढला तशा पुन्हा चढल्या. शेवटी डिसेंबर २०१२मध्ये भंगार रोखीनं घ्यायलाच बंदी आली. बंदोबस्त विकण्याच्या जागीच करावा लागला.

भंगाराच्या टेम्पोला वाडीत बंदी घालू नका, त्याच्यावर अनेकांचं पोट आहे आणि तुम्हालाही जुना पत्रा विकायचा असतो. नियम एवढाच करा की भंगार दिवसाउजेडी आणि सहाणेवरच, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावरच, विकलं जाईल, प्रत्येकाच्या दारात नाही. चारचौघांसमोर शेजारच्या घरातला बंब तराजूत ठेवायला कोणी धजत नाही.

पोलिसांकडे जाण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा: पाच हजार. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलम ३०३खालची साधी चोरी पाच हजारांच्या आतली असेल तर ती अदखलपात्र धरली आहे. त्याची एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. पस्तीसच्या भावानं १४२ नारळ झाले तरी रक्कम ४,९७०. म्हणजे तुमच्या नारळांच्या चारही चोऱ्या बहुधा एन.सी.तच बसतील, आणि पोलीस ठाण्यातून काहीच होत नाही असं वाटत असेल तर ते याच आकड्यापाशी अडलेलं असणार. आकडा फुगवून सांगू नका, पुढे अंगाशी येतं. पण एकाच रात्रीत तीन बागांतून नारळ गेले असतील तर तिघांनी तीन वेगळे कागद देण्यापेक्षा एकत्र जाऊन सलग हकीकत सांगा.

घरातली चोरी वेगळी. राहत्या घरातून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. घरफोडी करून झाली तर कलम ३३१, आणि रात्रीची घरफोडी चोरीसाठी असेल तर चौदा वर्षांपर्यंत. तिथे पाच हजारांची अट नाही. माडावरचे शंभर नारळ गेले तर अदखलपात्र, पण कुलूपबंद खोलीतले दहा गेले तर दखलपात्र! म्हणून तक्रारीत कौलं काढली, कोयंडा उखडला, कुठल्या खोलीत उतरला, हे पहिल्या चार ओळींतच यायला हवं. मोडलेलं कुलूप उचलू नका, कौलं परत बसवू नका, आधी फोटो आणि मग पंचनामा. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते, ती तुमचा हक्क आहे. चाकरमानी मुंबईत असेल तर तो तिथल्या जवळच्या पोलीस ठाण्यातही शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी, गुन्हा नोंदवू शकतो, गावी धावत यायची गरज नाही. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेतला नाही तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवा.

नुकसान सिद्ध करायला मात्र वही लागते, आणि ती कोकणात जवळपास कोणाकडेच नसते. माडांना छातीच्या उंचीवर ऑइलपेंटनं नंबर घाला. दीड-दोन महिन्यांनी नारळ पाडता तेव्हा कुठल्या माडाचे किती निघाले ते लिहा. बरा माड एका पाडणीला दहा-बारा देतो, म्हणजे साठ नारळ नेणारा पाच-सहा माड चढलेला असतो. सोलून नेलं की वजन जवळपास निम्म्यावर येतं, म्हणून माल बागेपासून फार दूर न जाता सोलला जातो. जिथे कोणी नारळ पाडले नाहीत अशा कुंपणाकडेला, व्हाळाच्या कडेला ताज्या सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, ढीग दिसला तर तो सकाळीच फोटोत घ्या. पावसाळ्यात ओल्या मातीत पडलेल्या नारळाचा आवाज होत नाही आणि धो-धो पावसात टॉर्च घेऊन कोणी बाहेर पडत नाही, हे चढणाऱ्यालाही ठाऊक असतं. नारळी पौर्णिमा ते गणपती या दिवसांत मागणी सगळ्यात जास्त. म्हणून त्याआधीची पाडणी आठवडाभर अलीकडे ओढा, आणि पाडलेला माल पडवीत रचू नका, कुलुपात ठेवा. वर सांगितलेलं कलम ३०५ इथेच कामाला येतं.

पंपाच्या केबलीचं दुखणं विहिरीच्या तोंडाशी असतं. काठावर केबलीची वेटोळी मोकळी पडलेली असतात, तिथेच कटर लागतो. स्टार्टरपासून विहिरीपर्यंतची केबल एचडीपीई पाइपातून घेऊन दोन फूट खोल पुरा, वर जांभ्याचे तुकडे टाका, आणि काठावर फूटभराच्या वर मोकळी ठेवू नका. केबल बदलायचीच असेल तर ॲल्युमिनियमची घ्या. भंगारात तिला तांब्याच्या मानानं फारच कमी भाव, म्हणून तोडायची हौसही कमी. पण ॲल्युमिनियममधून वीज तांब्यापेक्षा कमी वाहते, म्हणून साइज वरची लागते. ती लांबी आणि मोटरीच्या अश्वशक्तीवरून इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या, अंदाजानं घेतली तर मोटर जळते. तांब्याच्या टोकाला जोडताना बायमेटल लग, म्हणजे दोन धातूंचं जोड-टोक, वापरा, नुसता पीळ मारला तर खाऱ्या हवेत सांधा लवकर खराब होतो. मोटरीवरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा आणि बॉडीवर नंबर पंचनं घराचा नंबर ठोका. आणखी एक खूण: तोडलेल्या केबलीचं रबर जाळून तांबं काढतात. रात्री प्लास्टिक जळल्याचा वास, सकाळी काळा डाग आणि राखेत तारेचे तुकडे, हे कुठे दिसलं तर पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवा.

बंद घरांकडे वळू. पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप आणि मागच्या पडवीच्या दाराला दोन इंचांची कडी, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. कुलूप सहसा फुटत नाहीच. कोयंडा उखडतो, कारण तो पाऊण इंची स्क्रूंनी, तेही वाळवी लागलेल्या चौकटीत बसवलेला असतो. कटावणीचा एक हिसका पुरतो. स्क्रू काढून ८ मिलिमीटरचे आरपार बोल्ट टाका, आतल्या बाजूला लोखंडी पट्टी आणि नट. बोल्ट स्टेनलेस ३१६ ग्रेडचे मागा, साधे समुद्रापासून दोन किलोमीटरात दोन पावसाळ्यांत गंजून फुगतात. मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावूच नका. आतून अडणा, म्हणजे आडवा दांडा, घाला आणि निघताना फक्त पुढच्या दारानं बाहेर पडा. कुलपात खोबरेल घालायची सवय सोडा, ते चिकटून बसतं. शिवणयंत्राचं तेल घाला.

कौलांचा प्रश्न कुलपानं सुटत नाही. पाच-सहा कौलं सरकवली की माणूस आत. माजघर आणि कोठीची खोली, निदान एवढ्या दोन खोल्यांवर वाशांच्या खालून वेल्डमेश जाळी मारा, दोन इंची चौकटीची, दहा गेजची, दर फुटाला वाशात यू-खिळा. सगळं घर झाकायची गरज नाही. तांब्या-पितळेची भांडी, देवाची भांडी, कागदपत्रं त्या दोन खोल्यांत आणा आणि मधल्या दाराला आरपार बोल्टांचा कोयंडा लावा. भांड्यांवर नाव घालायची आपली जुनी पद्धत या कामाची आहेच, पण हंडा चेपला की नावही चेपतं. म्हणून काट्यावर ठेवून वजनासकट फोटो काढा.

घर बंद आहे हे कुलपापेक्षा अंगण लवकर सांगतं. खळ्यात गुडघाभर गवत, पायरीवर आंब्याचा पालापाचोळा, दिवसाढवळ्या जळणारा पडवीतला दिवा. शेजारच्या घरातल्या बाईला महिन्याला तीनशे-चारशे देऊन आठवड्यातून दोनदा झाडायला सांगा, दिव्याला टायमर लावा. किल्ली तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात किंवा चौकटीच्या वर ठेवू नका. ती तिथे असते हे वाडीतल्या पोरासोरांनाही माहीत आहे. विम्याचं म्हणाल तर घरफोडीची पॉलिसी घेण्याआधी घर सलग किती दिवस बंद राहिलं तर भरपाई नाही, ते कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत ही मुदत तीस दिवसांची असते, आणि तुमची घरं दहा महिने बंद.

सोनं बंद घरात नकोच. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो भिंगातून वाचून वहीत लिहा, चोरीनंतर तपासात तीच ओळख. जुन्या दागिन्यावर तो नसतो, त्याचा वजनासकट फोटो काढा. बँकेच्या लॉकरमधून चोरी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२पासूनच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. म्हणजे भाडं दोन हजार असेल तर दोन लाख, त्याहून नाही. ग्रामदेवतेची चांदीची रूपी, म्हणजे मुखवटे, शिमग्याखेरीज देवळात ठेवत असाल तर तीही लॉकरमध्ये हलवा. दिवेआगरचा सुवर्णगणेश मार्च २०१२मध्ये गेला, दोन पहारेकरी जिवानिशी गेले आणि मुखवटा वितळवला गेला. परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा बसायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. एका रखवालदाराच्या जिवावर असा ऐवज ठेवणं योग्य नाही.

तुमच्या तीस हजारांतून काय? मंडळाच्या सभेत 'कॅमेरे लावू' ही सूचना पहिली येईल, तिच्या मागे लगेच जाऊ नका. बावीस घरांची पुढची-मागची मिळून चव्वेचाळीस दारं, दारामागे सामान आणि मजुरी साडेचारशे धरली तर १९,८००. ते पैसे त्या त्या घरमालकाकडून मागा, मुंबईकर गणपतीला वर्गणी देतात तसे हेही देतील. न देणाऱ्यांपुरते मंडळानं घाला. मग वाडीच्या तोंडाशी एकच सिमकार्डवर चालणारा कॅमेरा, बॅटरीसकट. तो दहा फुटांवर टांगला तर टोप्या आणि छत्र्या दिसतात, चेहरे नाहीत. सहा-सात फुटांवर, वळणावर, गाडीची नंबरप्लेट समोरून येईल असा लावा. काचेवर पंधरा दिवसांत मिठाचा थर चढतो, आणि रात्रीच्या लाल दिव्याकडे किडे येतात म्हणून कोळी जाळं विणतो, मग रात्रभर नुसतं जाळंच दिसतं. पुसायचं काम एकाच्या नावावर लिहा. कार्ड भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून चोरी कळल्या दिवशीच चित्रण काढून घ्या. मे अखेरच्या गडगडाटात वायर काढून ठेवली नाही तर पहिल्याच विजेत कॅमेरा जातो.

गस्तीचं गणित करून बघा. उघडी घरं अठरा. घरटी एक माणूस, रोज चौघे, म्हणजे दर चौथ्या-पाचव्या रात्री पाळी. दुसऱ्या दिवशी बोटीवर किंवा बागेत जाणारा माणूस हे दोन आठवडे करील, पुढे वहीत फक्त सह्या होतील. वर्षभराची गस्त टिकत नाही. गणपतीआधीचे दहा दिवस आणि चोरी झाली की त्यानंतरचा आठवडा, एवढीच ठेवा. अकरा ते दोन आणि दोन ते पाच अशा दोन पाळ्या, पाळीला दोघे. नावं आधी पोलीस पाटील आणि ठाण्यात द्या, ग्रामसुरक्षा दल म्हणून रीतसर नोंद होते. टॉर्च, शिट्टी, मोबाइल. काठी सापापुरती. कोणी दिसलं तर ११२ आणि गाडीचा नंबर, पाठलाग नको. जांभ्याच्या ओल्या चिऱ्यांवर पाय घसरून मोडेल तो तुमचाच. चोरी डोळ्यांदेखत घडली आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असेल तरच सामान्य माणसाला धरता येतं, आणि धरलेल्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारहाण झाली की फिर्यादीचा आरोपी होतो. एप्रिल २०२०मध्ये पालघरच्या गडचिंचल्याला अफवेवरून तीन माणसं जमावानं मारली, हे विसरू नका. बागेतला नेपाळी राखणदार, वीटभट्टीवरचा कातकरी, हे पुराव्याशिवाय पहिले संशयित ठरतात. तुमच्याकडे तर पोत्यासकट सापडलेला वाडीतलाच निघाला. आणि कुंपणाच्या तारेत करंट सोडायची कल्पना कोणी मांडली तर तिथेच थांबवा. त्यानं चोराआधी शेजाऱ्याचं पोर मरतं, आणि मालक तुरुंगात जातो.

मुलाचं काय? भरपाई कुणाला द्यायची तर ज्याचे नारळ गेले त्या मालकाला. तक्रार करायची की तडजोड, हे तोच ठरवील, गावकी नव्हे. गावकीनं दंड ठोठावून पावती फाडू नये. तडजोड झाली तर कागदावर, पोलीस पाटलांसमोर, साठ नारळांची किंमत आणि द्यायची तारीख घालून. भांडी आणि केबलही त्याच्याच माथी मारण्याचा मोह टाळा. माडावर चढणारा आणि कौलं काढून तांबं नेणारा एकच, असं मानायला तुमच्या पत्रात काही आधार नाही. दुसऱ्याला भंगारवाला ओळखीचा लागतो, आणि बहुधा गाडी.

त्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की पाडणारा वेळेवर येत नाही. माडामागे साठ रुपयांनी चाळीस माड म्हणजे चोवीसशे, दोन-तीन दिवसांचं काम, आणि निम्म्या भावात विकायची भानगड नाही. रात्री पावसात चढतो तो दिवसा चढू शकतो. लगेच विश्वास टाकायला कोणी तयार होणार नाही, आणि व्हायचं कारणही नाही: पहिले दोन-तीन महिने मालक खाली उभा राहील, मोजून घेईल आणि पैसे मुलाच्या खात्यात टाकील. चढायचं यंत्र आणि सुरक्षापट्ट्याशिवाय चढवू नका. नारळ विकास मंडळाचं माडावर चढण्याचं प्रशिक्षण आहे, चढणाऱ्यांसाठी अपघात विमाही आहे. भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात किंवा नारळ विकास मंडळाच्या ठाणे कार्यालयात पुढचा वर्ग कधी आहे ते विचारा.

पण शेकडा पाच चालू असेपर्यंत हे सगळं कमीच पडेल. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्रात परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला पंधरा, नसेल तर अठरा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. परवाना नसेल तर २०१४च्या सावकारी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार पोलिसांत जाण्याआधी तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. बापानं बरोबर न्यायचं ते असं: कधी किती घेतले, कधी किती दिले याची तारीखवार यादी, मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशांचे किंवा बाँडपेपरचे नंबर. जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल तर पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन ते परत मागता येतं. व्याजाचं व्याज भरायला मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून पैसे उचलू नका, हे त्या मुलाला वेगळं सांगा. ॲपवाल्यानं फोटो बिघडवून धमकावलं किंवा खात्यातून पैसे गेले तर पहिल्या तासाभरातच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधीच रोखता येते.

निबंधकांच्या कार्यालयात खलाश्याला एकटं पाठवू नका. बोटी जून-जुलैत बंद असतात, तो तेव्हाच घरी असेल. तुम्ही आणि ज्याचे नारळ गेले तो मालक, दोघं बरोबर जा.